भिंतीवरून आलेला उजेड

नव्या इमारतींच्या जाहिरातींत घराच्या आतली चित्रं छापलेली असतात. ते फोटो नसतात, कारण इमारतीचा अजून पायाच खणला जात असतो. ती संगणकावर तयार केलेली असतात, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. पण वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं असं एखादं माहितीपत्रक घरात कुठे सापडलं तर जरूर काढून बघा. सोफा ठीक, पडदे ठीक, फरशी तर आरशासारखी. तरी काहीतरी खटकतं. नीट बघितलं की लक्षात येतं की खटकतोय तो उजेड. खिडकी एकाच भिंतीला, पण खोली सगळीकडून सारखी उजळलेली. टेबलाखाली सावली नाही, कोपऱ्यात अंधार नाही. किंवा अगदी उलट. दिव्याखाली पांढराफटक डाग आणि दोन हातांवर मिट्ट काळोख. घर बघण्याऐवजी प्लास्टिकचं खेळणं बघतोय असं वाटतं.

हा खोटा उजेड दुरुस्त व्हायला माणसाला साधारण चाळीस वर्षं लागली. ही गोष्ट एरवी तंत्रज्ञांच्या पुस्तकांत अडकून राहते. पण ती आपल्यासारख्यांनी वाचण्याजोगी आहे, कारण तिचा विषय आपण रोज बघतो आणि कधीच बघत नाही असा आहे.

दुपारी उत्तरेकडच्या खोलीत बसून बघा. खिडकीतून ऊन आत येत नाही, तरी पलंगाखाली ठेवलेल्या ट्रंकेचं कुलूप आपल्याला दिसतं. तो उजेड तिथे पोचला कसा? सूर्याकडून अंगणात, अंगणातून छताला, छतावरून भिंतीला, भिंतीवरून फरशीवर आणि फरशीवरून पलंगाखाली. प्रत्येक मुक्कामावर थोडा उजेड त्या वस्तूने पिऊन टाकला आणि उरलेला पुढे पाठवला. पाठवताना त्याला आपला रंगही लावला. लाल गालिच्याशेजारची पांढरी भिंत खालच्या बाजूला किंचित तांबूस दिसते ती त्यामुळेच. इटलीतल्या लिऑन बातिस्ता अल्बर्टीने १४३५ मध्ये चित्रकलेवर ग्रंथ लिहिला. त्यात त्याने नोंदवून ठेवलं आहे की उन्हात हिरवळीवरून चालणाऱ्या माणसाचा चेहरा हिरवट दिसतो. चित्रकारांना ही गोष्ट सहाशे वर्षांपासून माहीत होती. संगणकाला ती शिकवायची होती.

त्याचं गणितही जुनंच. गणिती योहान हाइनरिश लाम्बर्ट याने १७६० मध्ये लॅटिन भाषेत ‘फोटोमेट्रिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. खडबडीत, चकाकी नसलेल्या पृष्ठभागावर प्रकाश कोणत्या कोनातून पडला तर तो किती उजळेल, याचा नियम आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो. चुना दिलेल्या भिंतीला हा नियम पुष्कळसा लागू पडतो.

आता १९७० च्या सुमारास येऊ. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात संगणकावर चित्रं काढण्याचे प्रयोग जोरात चालू होते. १९७१ मध्ये आंरी गुरो याने आणि १९७३ मध्ये ब्वी तुआँग फाँग या व्हिएतनामी तरुणाने वस्तूंवरची छटा काढण्याच्या पद्धती शोधल्या. फाँग १९७५ मध्ये अगदी तरुणपणी वारला. पण त्याचं सूत्र पुढे जगभरच्या संगणकांत गेलं आणि चेंडूवर चमकणारा तो पांढरा ठिपका आपण हजारो वेळा बघितला.

या पद्धतींत एक मोठी सोय करून घेतलेली होती. चित्रातली प्रत्येक वस्तू फक्त दिव्याला विचारायची, ‘मला किती उजेड देतोस?’ शेजारच्या वस्तूला ती काहीच विचारायची नाही. भिंतीला भिंत दिसतच नव्हती म्हणा ना. मग जिथे दिवा थेट पोचत नाही तिथे सगळं काळं व्हायचं. त्यावर उपाय काय केला? एक ठरावीक आकडा सगळीकडे सारखा मिळवून टाकला. त्याला ‘अँबिअंट’ म्हणजे सभोवारचा प्रकाश असं भारदस्त नाव मिळालं. पण तो प्रकाश नव्हताच, ते ठिगळ होतं. पलंगाखाली आणि खिडकीच्या कट्ट्यावर सारखाच उजेड. त्या वेळचे संगणक बघता याला फार नावं ठेवता येणार नाहीत. पण जाहिरातींतल्या चित्रांचा तो सपाट, बिनसावलीचा उजेड आला तो इथून.

पुढची पायरी टर्नर व्हिटेड यांची. बेल प्रयोगशाळेत काम करताना त्यांनी प्रकाशकिरणाचा उलटा माग काढला, म्हणजे डोळ्यापासून वस्तूकडे आणि तिथून आरशातल्या किंवा काचेतल्या पुढच्या वस्तूकडे. १९८० मध्ये त्यांचा निबंध छापून आला. बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकडीच्या फरशीवर तरंगणारे दोन गोळे असं ते चित्र होतं. ते काढायला त्या काळच्या व्हॅक्स संगणकाला ७४ मिनिटं लागली. आरसे आणि काचा आता खऱ्यासारख्या दिसू लागल्या. पण घरात आरसा एक असतो आणि भिंती चार! त्या चुन्याच्या भिंतीचा प्रश्न तसाच राहिला.

तो सोडवला कॉर्नेल विद्यापीठाने, आणि त्यामागे वास्तुकलेतला माणूस होता हे मला महत्त्वाचं वाटतं. डोनाल्ड ग्रीनबर्ग यांनी १९७२ मध्येच विद्यार्थ्यांना घेऊन विद्यापीठाच्या इमारतींची संगणकावरची फिल्म केली होती. न बांधलेली इमारत आधी बघता आली पाहिजे, हा त्यांचा ध्यास. त्यांच्या विद्यापीठात केनेथ टॉरन्स हे यंत्र अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते आणि उष्णता हा त्यांचा अभ्यासाचा विषय. भट्टीच्या एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे किती उष्णता जाते याचं गणित अभियंते आधीपासून मांडत होतेच. प्रत्येक भिंत बाकीच्या सगळ्या भिंतींकडून घेते आणि सगळ्यांना देते. कोणाला कोण किती ‘दिसतं’ तेवढं काढायचं आणि मग सगळी समीकरणं एकदम सोडवायची. उष्णतेच्या जागी उजेड ठेवला की झालं.

१९८४ मध्ये सिंडी गोराल, टॉरन्स, ग्रीनबर्ग आणि बेनेट बॅटेल या चौघांनी हा निबंध मांडला. या पद्धतीचं नाव रेडिओसिटी. नमुना म्हणून त्यांनी एक साधं खोकं घेतलं, पुढची बाजू उघडी, एक बाजू लाल, दुसरी निळी, बाकी पांढरं. चित्रात पांढऱ्या भागावर लाल-निळी झाक उतरली. अल्बर्टीचा हिरवट चेहरा संगणकाला समजला! ‘कॉर्नेल बॉक्स’ म्हणून ते खोकं प्रसिद्ध झालं. बाजूंचे रंग पुढे बदलले, पण उजेडाची नवी पद्धत शोधणारा आजही आधी ते खोकं काढून दाखवतो. आमच्या काळी सतार शिकणारा आधी सा लावून दाखवायचा, तसंच.

पहिलं खोकं मात्र रिकामं होतं. मध्ये एखादी वस्तू आली की कोणाला कोण दिसतं हा हिशेब कठीण व्हायचा. ती अडचण १९८५ मध्ये कॉर्नेलच्याच मायकेल कोहेन आणि ग्रीनबर्ग यांनी दूर केली. त्याच वर्षी जपानमधल्या निशिता आणि नाकामाए यांनीही स्वतंत्रपणे हाच मार्ग काढला.

यानंतर कॉर्नेलच्या मंडळींनी जे केलं त्याचं मला सगळ्यात जास्त कौतुक आहे. १९८६ मध्ये त्यांनी खरंखुरं खोकं बांधलं, त्यातला उजेड उपकरणांनी मोजला आणि गणिताशी ताडून बघितला. मग खरं खोकं आणि पडद्यावरचं चित्र, दोन्ही कॅमेऱ्याच्या काचेतून माणसांना दाखवलं आणि खरं कुठलं ते विचारलं. लोकांना फरक ओळखता आला नाही. चित्र ‘छान’ आहे की नाही हा प्रश्नच त्यांनी ठेवला नव्हता. ते खरं आहे की नाही एवढंच विचारलं होतं. शाळेत आपण उत्तराचा ताळा करायला शिकवतो, तो हाच.

त्याच १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात जेम्स काजिया यांनी व्हिटेडचे किरण आणि कॉर्नेलच्या भिंती या दोघांना एकाच समीकरणात बसवलं. ते समीकरण पूर्ण सोडवणं अशक्यच होतं, कारण उजेडाच्या वाटा अगणित. म्हणून त्यांनी वाटा नशिबावर सोडल्या. प्रत्येक ठिपक्यातून काही किरण वाट फुटेल तिकडे पाठवायचे आणि जो उजेड हाती लागेल त्याची सरासरी घ्यायची. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. फक्त शितं कमी घेतली तर अंदाज चुकतो आणि चित्रावर वाळू भुरभुरल्यासारखे दाणे दिसतात. दाणे घालवायचे तर शितं फार घ्यावी लागतात, आणि तेवढा वेळ तेव्हाच्या संगणकांपाशी नव्हता. म्हणून पुढची वीस-पंचवीस वर्षं मधले मार्ग शोधण्यात गेली. १९८८ मध्ये ग्रेग वॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उजेड मोजक्या ठिकाणी काढून मधल्या जागा अंदाजाने भरण्याची युक्ती दिली. १९९० च्या दशकाच्या मध्यावर डेन्मार्कच्या हेन्रिक वान येन्सेन यांनी दिव्यापासून निघालेले प्रकाशकण कुठे कुठे पडले याचा नकाशा ठेवण्याची पद्धत काढली. दोन्हींनी वेळ वाचला. पण भिंतीवर ढगाळ डाग पडणं आणि भिंत-छताच्या सांध्यातून पलीकडचा उजेड गळणं ही दुखणी मागे लागली. जुन्या चित्रांत छताच्या कडेला विनाकारण उजळ रेघ दिसते ना, ती हीच गळती.

हे ग्रेग वॉर्ड बर्कलेच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत होते आणि १९८५ पासून ‘रेडियन्स’ नावाचा प्रोग्राम लिहीत होते. तो जाहिरातीच्या चित्रांसाठी नव्हता. बांधायच्या इमारतीत दिवसा किती उजेड येईल, दिवे किती कमी लावता येतील, हे आधी कळावं यासाठी होता. त्यात दिव्याचा उजेड खऱ्या मापात सांगावा लागायचा. इतरत्र काम करणारे ‘दिवा १.५’ असं लिहायचे. १.५ काय, शेर की मैल?

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, १९८६ मध्ये सगळं कळलं होतं तर २००५ सालची माहितीपत्रकं तशी का? याचं एक उत्तर संगणकाच्या वेगात आहे. दुसरं उत्तर मला जास्त मजेदार वाटतं. गणित बरोबर असूनही चित्र चुकायचं, कारण पडदा खोटं बोलायचा.

जुन्या काचेच्या नळीच्या पडद्याचा स्वभाव असा होता की त्याला निम्मा आकडा दिला तर तो निम्मा उजेड देत नसे, सुमारे २२ टक्केच देई. दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांत याची उलटी भरपाई आधीच केलेली असायची. संगणकाच्या चित्रात ती अनेकदा कोणी करतच नसे. आता दिव्याचा नियम बघा. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. १ मीटरवर उजेड १ असेल तर २ मीटरवर ०.२५. हा खरा आकडा पडद्याला दिला की पडदा दाखवणार जेमतेम २१ वा हिस्सा. दिव्याखाली पांढराफटक डाग आणि दोन हातांवर काळोख, हे आपण सुरुवातीला बघितलंच.

काम करणाऱ्यांनी ओळखलं की काहीतरी बिघडलंय. पण त्यांनी पडद्याकडे न बघता निसर्गाचा नियमच बदलला. अंतर दुप्पट तर उजेड निम्मा, असं त्यांनी प्रोग्रामला सांगितलं. मग २ मीटरवर ०.५, आणि पडदा त्याचे दाखवणार ०.२२, म्हणजे खऱ्या ०.२५ च्या अगदी जवळ! दोन चुकांनी एकमेकींना सांभाळून घेतलं आणि चित्र बरोबर दिसलं.

पण हे सोंग एका दिव्यापुरतंच टिकतं. दोन दिवे लावा, दोन्ही २ मीटरवर. खरा उजेड ०.२५ अधिक ०.२५, म्हणजे ०.५. प्रोग्राम मात्र करणार ०.५ अधिक ०.५, म्हणजे पूर्ण १, आणि पडदा पूर्ण पांढरा. चुकीच्या आकड्यांची बेरीज झाली की पितळ उघडं पडतं. आणि खोलीतला उजेड म्हणजे बेरीजच. चार भिंती, छत, फरशी, खिडकी, सगळ्यांची. मग एक दिवा कमी करायचा, कोपऱ्यात लपवलेला दुसरा लावायचा, अँबिअंट थोडा वाढवायचा. एका खोलीत दहा-बारा खोटे दिवे! आपल्याकडे एक थाप पचवायला दुसरी मारावी लागते म्हणतात, त्याचं इतकं चोख उदाहरण मी दुसरं बघितलेलं नाही.

सुधारणा झाली ती मुळाशी जाऊन. पडद्याच्या वागण्याचं एक प्रमाण १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झालं. बेरीज-वजाबाकी सगळी खऱ्या उजेडात करायची आणि पडद्यासाठीची भरपाई अगदी शेवटी, एकदाच करायची, ही शिस्त २००० नंतरच्या दशकात हळूहळू रुजली. ती आली आणि लपवलेले दिवे काढून टाकता आले.

दुसरी दुरुस्ती भिंतीच्या पांढऱ्या रंगाची. हौसेने भिंत शंभर टक्के पांढरी ठेवली जायची. पण ताजा पांढरा रंगही साधारण ८० ते ८५ टक्केच उजेड परत देतो. फरक किरकोळ वाटतो, पण हिशेब करा. सगळी खोली ८० टक्के परत देणारी असेल तर उजेड फिरून फिरून एकूण ५ पट होतो. ९० टक्के असेल तर १० पट. ५० टक्के असेल तर फक्त २ पट. आणि १०० टक्के असेल तर तो कधी विझणारच नाही. त्या धुऊन निघालेल्या, सावली नसलेल्या खोल्यांमागे हेही एक कारण होतं.

तिसरी डोळ्याची. भर उन्हात जमिनीवर सुमारे १ लाख लक्स उजेड असतो. घरात दोन-तीनशे लक्स असले तरी आपण आरामात पेपर वाचतो. डोळा सांभाळून घेतो, पडदा घेत नाही. खोली नीट दिसली तर खिडकी पांढरा चौकोन होते, खिडकी दिसली तर खोलीची गुहा. १९९३ मध्ये जॅक टंबलिन आणि हॉली रशमायर यांनी हा पल्ला पडद्यात बसवण्याचा प्रश्न नीट मांडला. रशमायर बाई १९८६ च्या त्या खोक्याच्या प्रयोगातही होत्या. २००२ मध्ये एरिक राइनहार्ड आणि सहकाऱ्यांनी यासाठी अँसेल अ‍ॅडम्स या जुन्या छायाचित्रकाराच्या पद्धतीचा आधार घेतला. शेवटी अंधाऱ्या खोलीत फोटो धुणाऱ्या माणसाचं शहाणपण कामी आलं.

पुढे संगणक इतके वेगवान झाले की काजियांची शितावरून भाताची परीक्षा परवडू लागली. डिसेंबर २०११ मध्ये ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या प्रोग्राममध्येच ती आली. आज महाविद्यालयातलं पोर घरच्या संगणकावर जे करतं, ते १९८६ मध्ये मोठमोठ्या प्रयोगशाळांना जड जात होतं.

मग आता जाहिरातींतला उजेड खरा झाला का? माझा एक जुना विद्यार्थी हेच काम करतो. मी त्याला विचारलं तर तो हसून म्हणाला, “सर, आता खरा उजेड काढायला काहीच लागत नाही. दिशा टाका, तारीख टाका, वेळ टाका, मार्चमधल्या सकाळी आठला ऊन फरशीवर कुठे पडेल ते दिसतं. पण असं चित्र पाठवलं की उत्तर येतं, ‘जरा ब्राइट करा, शेजारची बिल्डिंग काढा.’” शेजारची इमारत दहा फुटांवर उभी असते आणि सगळा उजेड तीच अडवणार असते. ती काढली की तळमजल्यावरचं स्वयंपाकघर झळाळून उठतं.

मी म्हटलं, “अरे, मग तू काय करतोस?”

“करतो सर. पोट आहे. पण मूळ चित्र एक प्रत म्हणून ठेवून देतो.”

त्याला मी काही बोललो नाही. पण हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. आधीच्या चित्रातला खोटा उजेड अज्ञानातून, अडचणीतून आलेला होता. आताचा कळून सवरून आहे, आणि तो खऱ्यासारखा दिसतो म्हणून जास्त घातक आहे. जन्माची पुंजी देऊन माणूस जागा घेतो ती पुष्कळदा या चित्रावरून. मग राहायला गेल्यावर दिवसा अकराला दिवा लावून भाजी चिरावी लागते, आणि ती पुढची तीस वर्षं. २०१६ च्या रेरा कायद्याच्या १२ व्या कलमात जाहिरातीतल्या किंवा नमुना सदनिकेतल्या खोट्या माहितीवर विसंबून नुकसान झालेल्या ग्राहकाला भरपाईची सोय आहे. त्यात उजेडाचा उल्लेख नाही. पण क्षेत्रफळ जसं मोजून सांगता येतं, तसा उजेडही बांधण्याआधी मोजून सांगता येतो. रेडियन्ससारखे प्रोग्राम त्यासाठीच तर लिहिले गेले. तो आकडा मागण्याची आपल्याला अजून सवय नाही, इतकंच.

तोवर एक साधी गोष्ट आपण करू शकतो. असं चित्र हातात आलं की सोफा, झुंबर, पडदे सोडून द्या. खिडकी कोणत्या दिशेला आहे ते विचारा, खिडकीसमोर काय उभं आहे ते विचारा, आणि मग खिडकीपासून सगळ्यात लांबचा कोपरा बघा. तो खिडकीइतकाच उजळ दिसत असेल, तर चित्र काढणाऱ्याला त्याचं कारण जरूर विचारा.